प्यायलेला पेशंट

हे मी डाव्या हाताच्या एका बोटाने फोनवर टाइप करतो आहे. उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो. ठेवलेला म्हणतो, कारण तो स्वतःहून कुठे जात नाही, त्याला उचलून ठेवावं लागतं. एक परिच्छेद झाला की मान आखडते आणि मी थांबतो, त्यामुळे लिखाणात सलगपणा नसेल तर समजून घ्या. फिजिओथेरपीला माझ्याबरोबर येणारे दोघे-तिघे म्हणाले, तुम्ही कोर्टातले, तुम्हाला लिहायची सवय, तुम्ही लिहा, आमच्या घरच्यांना तरी कळेल. म्हणून लिहितो आहे. खडखडीत बरा झालो म्हणून नव्हे.

मी अनंत. वय बावन्न, राहणार डोंबिवली, ठाण्याच्या कोर्टात कारकून. बायको विद्या घरीच शिवणाचे क्लास घेते. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला असते. बीपीची गोळी चालू होती आणि ती मी आठवण होईल तशी घेत होतो. एवढी माहिती पुरे.

गटारी

बाळाराम माझा मित्र. त्याच्या वडिलांचा जमिनीचा दावा आमच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालला. दावा निकाली निघाला, वडीलही गेले, पण त्या तारखांच्या निमित्ताने झालेली आमची मैत्री राहिली. कल्याण-शीळ रस्त्याच्या आत त्याचं गाव आहे. गाव म्हणजे आता चारी बाजूंनी टॉवर आणि मधे यांची घरं. आषाढातल्या शेवटच्या रविवारी तो मला जेवायला बोलावतोच. श्रावण लागला की महिनाभर मांस-मच्छी बंद, म्हणून त्याआधी गटारी. सकाळपासून मटणाच्या दुकानांपुढे रांगा, दुपारपासून रस्त्यावर झोकांड्या. आमच्या भागात हा दिवस कसा असतो हे कोणाला सांगायला नको.

त्या दुपारी बाळारामच्या अंगणात आम्ही सात-आठ जण होतो. गावठी कोंबडी, तांदळाची भाकरी, कांदा. बाकीच्यांच्या हातात जे होतं ते होतं. माझ्या हातात बिअरचा ग्लास होता. मी पितो ती एवढीच, बाळारामच्या घरी, आणि तीही अर्ध्या ग्लासाच्या पुढे मला जात नाही.

भाकरीचा तुकडा हातातून पडला. उचलला, परत पडला. बोटं आपली वाटेनात. मी म्हणायला गेलो की हाताला मुंग्या आल्यात, तर तोंडातून निघालं ते काही भलतंच. सगळे खो खो हसले.

"घ्या! अनंताला अर्ध्या ग्लासात चढली!"

मीही हसायला गेलो. ते हसणं तोंडाच्या एकाच बाजूला झालं असणार, पण तिथे बघतो कोण? मग मी खुर्चीवरून उजवीकडे घसरलो. मला धरताना कोणाच्या तरी हातातली व्हिस्की माझ्या शर्टावर सांडली. हसणं सगळ्यात आधी बाळारामचं थांबलं. "ए, गाडी काढा रं," तो ओरडला, "याचा काय तरी भलताच हाय."

कॅज्युअल्टी

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. ते वाईट आणि बाकीची चांगली असं मला म्हणायचंच नाही.

डॉक्टर तरुण होता, माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठा असेल. सकाळपासून त्याच्यापुढे हेच चाललेलं. कोणी बाइकवरून पडलेला, कोणाच्या डोक्यात बाटली फोडलेली, कोणी ओकतोय. बाळारामने खरं ते सांगितलं. त्याला वाटलं डॉक्टरपुढे काही लपवू नये.

"डॉक्टर, गटारीला आल्ते आमच्याकडं. जेवता जेवता पडले."

"किती घेतली?"

"नाय ओ, हा कुठला घेतो? अर्धा ग्लास बियर."

"आज सकाळपासून सगळ्यांनी अर्धाच ग्लास घेतलाय," डॉक्टर म्हणाला. वाकून त्याने माझ्या शर्टाचा वास घेतला. सिस्टरने बीपी घेतलं, बरंच वाढलेलं होतं. साखर बघितली, ती ठीक होती. "पिऊन बीपी वाढतंच. सलाईन लावा. उतरली की घरी न्या."

तपासणी संपली. माझ्याशी तो एक शब्द बोलला नाही. मला सगळं कळत होतं, अगदी स्वच्छ. डॉक्टरच्या खिशातलं पेन निळं होतं हेही आठवतंय. फक्त सांगता येत नव्हतं. जीभ तोंडात होती, पण माझं ऐकत नव्हती.

त्या दिवशी त्यांनी सोय केली होती. गटारीचे पेशंट आत घ्यायचे नाहीत, पॅसेजमध्ये भिंतीकडेला स्ट्रेचर लावायचे. आत खऱ्या आजाऱ्यांना जागा हवी ना! मला त्या रांगेत ढकललं. वॉर्डबॉय जाता-येता म्हणायचा, "ए गटारी, पाय आत घे." रांगेत सगळ्यांचं नाव तेच होतं. माझ्या शेजारच्या स्ट्रेचरवर कपाळ फुटलेला एक जण पाणी मागत होता. त्याच्याबरोबर कोणीच नव्हतं. सिस्टर त्याला म्हणाली, "प्यायलास तेवढं पुरे नाही झालं का?" आणि पुढे गेली. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. तो खरंच प्यायलेला होता. पण तहान त्यालाही लागलेली होती.

त्या माणसांचाही दिवस वाईट होता, हे मला मान्य आहे. पाय ठेवायला जागा नव्हती, दोन सिस्टर आणि एक डॉक्टर. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगतो. सांगून दमतो.

विद्या

आता लिहितो ते विद्याला दाखवून लिहितो आहे. ती म्हणाली, लिहा.

विद्याचे वडील दारूत गेले. लहानपणी त्यांना गुत्त्यावरून घरी आणायचं काम तिच्याकडे होतं. म्हणून मुलगा बघताना तिने एकच अट घातली होती, पिणारा नको. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिच्यावर तशी वेळ येऊ दिली नाही. बाळारामकडचा अर्धा ग्लास तिला ठाऊक होता, ती त्यावर हसायची.

ती धावतपळत आली तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की सांगता येत नाही. वाटलं, झालं, आता हिला कळेल. ती माझ्यावर वाकली आणि थबकली. शर्टाचा वास आला तिला. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "सांभाळता येत नाही का हो नवऱ्याला? सणासुदीला आमच्या जिवाला घोर."

विद्या दोन पावलं मागे सरकली. ओढणी नाकाला लावली. "शोभतं का हे या वयात?" ती म्हणाली.

मी बोलायचा प्रयत्न केला. जे आवाज निघाले ते माझ्याही कानांना दारुड्याचेच वाटले. मग डोळ्यांतून पाणी आलं. ते बघून तर तिने तोंडच फिरवलं. नंतर तिने सांगितलं, "बाबाही असेच रडायचे."

डॉक्टरचं मला फारसं काही वाटलं नाही. तो परका. पण विद्याची पाठ बघत त्या पॅसेजमध्ये पडून राहिलो तो वेळ मी कोणाला द्यायला तयार नाही, वैऱ्यालाही नाही.

तरी बायको ती बायकोच. थोड्या वेळाने ती बाटलीतलं पाणी घेऊन आली. डोकं उचलून तोंडाला लावलं. पाणी उजव्या कोपऱ्यातून सगळं मानेवर आलं. तिने पुसलं, परत पाजलं, परत तेच. तिने बाटली खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं, बहुतेक आल्यापासून पहिल्यांदाच.

"अहो, दात दाखवा बघू. हसा. हसून दाखवा ना."

मी हसलो. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की माझं काय झालंय.

"मॅडम, आवाज कमी"

विद्या मोठ्याने बोलणारी बाई नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करायची तरी ती मला पुढे करते. ती डॉक्टरकडे गेली आणि म्हणाली, यांचं तोंड वाकडं झालंय, जरा बघता का? तो टाके घालत होता. "मॅडम, बघितलंय मी पेशंटला. उतरू दे." ती परत गेली. सिस्टर म्हणाली, "मॅडम, आवाज कमी. इथे सगळेच ओरडतात." ती तिसऱ्यांदा गेली तेव्हा बाळारामला घेऊन गेली. बाळारामचा आवाज म्हणजे शेताच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा. लगेच सिक्युरिटीवाला आला. स्टाफवर हात टाकाल तर पोलीस बोलवू, म्हणाला. हात कोणी टाकलाच नव्हता.

डॉक्टर बाळारामला म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत ना, पार्टीत होते म्हणून?"

त्यावर बाळाराम गप्प झाला. तो अजून तिथेच गप्प झालेला आहे. दर रविवारी माझ्याकडे येतो, घरची भाजी आणतो आणि निघताना कधीतरी म्हणतो, "मी पार्टी बोललोच नस्तो तर रं, अनंता?"

संध्याकाळी पाळी बदलली. नवीन डॉक्टर मुलगी रांगेतून चालत आली. माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "काका, दोन्ही हात वर करा." डावा गेला. ती काही क्षण उजव्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात विद्याला म्हणाली, "पॅरालिसिसचा अॅटॅक वाटतोय. सीटी स्कॅन लागेल. इथलं मशीन बंद आहे. ठाण्याला न्या, लगेच न्या." अॅम्ब्युलन्स होती, पण ड्रायव्हर जेवायला गेला होता. बाळारामने परत गाडी काढली. शीळफाट्याला नेहमीसारख्या गाड्या तुंबलेल्या. मागच्या सीटवर माझं डोकं विद्याच्या मांडीवर होतं. ती माझ्या शर्टाची बटणं काढत होती. तो शर्ट तिने गाडीच्या खिडकीतून बाहेर टाकला.

आधी आणलं असतं तर

ठाण्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, मेंदूत गुठळी आहे. पहिल्या काही तासांत देतात असं एक इंजेक्शन असतं, त्याची वेळ गेली. "आधी आणलं असतं तर..." एवढं म्हणून ते थांबले. पुढे हे वाक्य सगळ्यांनीच ऐकवलं. फिजिओवाल्याने, माझ्या बहिणीने, सोसायटीच्या सेक्रेटरीने. मी एकदाही उत्तर दिलं नाही कारण मला देता येत नव्हतं. विद्याला येत होतं, तिनेही दिलं नाही.

वॉर्डमधले दिवस एकमेकांसारखेच गेले. पहाटे टेंपरेचर, मग स्पंजिंग, मग डॉक्टरांचा राउंड, मग वाट बघणं. भीती एकच होती, की हे असंच राहणार. दुसऱ्याने भरवलेला वरणभात, दुसऱ्याने बांधलेली पायजम्याची नाडी. त्याहून मला काय लागायचं सांगतो. सगळे विद्याला विचारायचे. "यांना चहा चालतो का?" "यांना शी झाली का?" मी समोर, डोळे उघडे, ऐकतोय. घरातल्या कपाटाविषयी बोलावं तसं माझ्याविषयी चाललेलं.

एक वयस्क सिस्टर होत्या, कळव्याला राहायच्या. त्या मला विचारायच्या. "काय घेणार, चहा की दूध?" आणि थांबायच्या. मी "च... च..." करत बसायचो, त्या पट्टी गुंडाळत उभ्या. घाई नाही, कीव नाही. "चहा" आला की म्हणायच्या, "आणते." त्या चहाची चव अगदीच पाणचट होती. पण मला तो हवा असायचा.

घरी आल्यावर आमचं भांडण झालं. भांडण म्हणजे मी दोन शब्द बोलायचो आणि ती रडायची. मला नीट आलेलं पहिलं वाक्य "प्यायलो नव्हतो" हे होतं, आणि ते मी तिच्यावर दगडासारखं फेकलं. ती म्हणाली, "माहितीये हो मला. पण तो वास आला आणि मी परत सोळा वर्षांची झाले. मी काय करू?" काय करणार? माझा राग काही दिवस राहिला. मग गेला. राग धरायलाही अंगात ताकद लागते, ती माझ्याकडे नव्हती. आता ती माझ्या उजव्या हाताला तेल लावते तेव्हा आम्ही टीव्ही बघतो.

तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर एवढंच सांगेन. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, बोलायला सांगा. यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं तरी त्या माणसाच्या अंगाला कसलाही वास येत असो, हटून बसा. चांगुलपणा घरी ठेवून जा.

चौकशी

त्या पहिल्या हॉस्पिटलकडे तक्रार विद्याने केली. आम्हाला भरपाई नको होती, कोणाची नोकरी जायलाही नको होती. प्यायलेला म्हणून आणलेल्या प्रत्येकाची ही साधी तपासणी करतील, एवढं त्यांनी कबूल करावं, हीच मागणी होती. पुष्कळ खेटे घातल्यावर चौकशीसाठी बोलावणं आलं.

आदल्या दिवशी बाळाराम आला. खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाला, "अनंता, सरळ सांग, मी प्यालोच नाय. सरबत घेतला. त्यांनी रक्त कुठं तपासलंय? कायपन पुरावा नाय. शर्टावरची माझी होती, मी शपथेवर सांगतो."

विद्याही म्हणाली, "अर्धा ग्लास म्हणजे काय पिणं झालं का? नाहीच म्हणा. हो म्हणालात तर ते तेवढंच धरून बसतील."

दोघांचंही बरोबर होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात साक्षीदारांना असंच पढवलेलं मी आयुष्यभर ऐकलं. त्यातले बरेचसे खरे असायचे, फक्त एका गोष्टीत खोटं बोलायचे, म्हणजे बाकीचं खरं मानलं जावं म्हणून. मला त्यांचा कधी राग आला नाही. मी मान हलवली. विद्याला ती होकाराची वाटली असावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे त्याच हॉस्पिटलच्या एका केबिनमध्ये बसलो. टेबलापलीकडे मोठ्या डॉक्टर बाई, बाजूला तो तरुण डॉक्टर. तो वाळला होता. नखं कुरतडत होता. मी आत कसा आलो, काठी कुठे टेकवली, हे त्याने सगळं बघितलं आणि मग बघायचं सोडलं.

बाईंनी कागद चाळले आणि विद्याला विचारलं, "त्या दिवशी यांनी मद्यपान केलं होतं का?"

"नाही, मॅडम, ते—"

मी डावा हात टेबलावर आपटला. इतका जोरात आपटायचा नव्हता.

"मा... माझ्याशी बोला."

बाई चपापल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांची नजर गेली. "बरं. काका, तुम्ही सांगा. प्यायला होतात?"

"हो," मी म्हणालो. "अर्धा... ग्लास."

शेजारी विद्याने श्वास सोडला तो मला ऐकू आला. बाळाराम जमिनीकडे बघत होता. आणि त्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या जागी मलाही सुटल्यासारखंच वाटलं असतं.

"म्हणजे डॉक्टरांचा समज अगदीच चुकीचा नव्हता," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

मी हात वर धरला. थांबा. शब्द येत होते, पण एकेक, ओळीने. तोंडाच्या कडेने लाळ यायला लागली होती. बाईंचं पेन थांबलं.

"पूर्ण... बाटली... प्यायलो असतो... तरी... हात... वर करा... म्हणायचं होतं."

बाहेर पॅसेजमधून स्ट्रेचर गेल्याचा आवाज आला. बाई त्या डॉक्टरकडे वळल्या.

"सांगितलं होतंत का?"

त्याने पुष्कळ वेळ घेतला. माझ्याइतकाच.

"नाही," तो म्हणाला.

विद्याने पर्समधून रुमाल काढला आणि माझी हनुवटी पुसली. बाईंनी नवीन कागद घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला. या वेळी माझ्याकडे बघून. आणि उत्तर येईपर्यंत त्या थांबल्या.